पुलावरचा संत

छंदाला काही धरबंध नसतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी पितळी अडकित्ते. माझा छंद यांतला नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मी मध्य युरोपात हिंडलो आणि तिथे मला पुतळे शोधण्याचा नाद लागला. तेही कोणाचेही पुतळे नव्हेत, बरं का, एकाच माणसाचे. पहिले आठ दिवस गंमत म्हणून वहीत नोंदी केल्या. पुढे अशी अवस्था झाली की, आगगाडीतून उतरलो म्हणजे मुक्कामाची जागा विचारण्याआधी मी गावातला पूल कुठे आहे ते विचारू लागलो.

पूल का? कारण हा माणूस बहुधा पुलावरच उभा असतो. त्याचे नाव यान. नेपोमुक गावचा, म्हणून यान नेपोमुक. चेक लोकांच्या देशात, म्हणजे जुन्या बोहेमियात, जे राष्ट्रसंत मानले जातात त्यांतला हा एक. पहिला मान तिथे दहाव्या शतकातल्या संत वात्स्लावचा. प्राग शहरातला एक मोठा चौक त्याच्या नावाचा आहे, आणि चौकात त्याचा घोड्यावरचा भव्य पुतळा आहे. पण खेडोपाडी, नदीनाल्यांवर, तळ्याच्या बांधावर, गिरणीच्या पाटाशी जो पदोपदी भेटतो तो नेपोमुक. आपल्याकडे वेशीवर मारुती असावा, तसा तिकडे पुलावर नेपोमुक.

एकदा पाहिला की तो पुन्हा कधी चुकत नाही. अंगात पाद्र्याचा लांब झगा, त्यावर गुडघ्यापर्यंत येणारा पांढरा झालरीचा अंगरखा, खांद्यावर केसाळ कातड्याची आखूड शाल आणि डोक्यावर चौकोनी टोपी. छातीशी, मूल धरावे तसा, क्रूस धरलेला. एका हातात कधी हौतात्म्याची खूण म्हणून खजुराची फांदी, तर कधी एक बोट ओठांवर टेकलेले. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे डोक्याभोवती पाच तारे. बुडवलेल्या माणसाचे प्रेत ज्या जागी होते तिथे पाण्यावर तारे चमकले, अशी कथा आहे. ‘मी गप्प राहिलो’ या अर्थाचा लॅटिन शब्द पाच अक्षरांचा आहे, म्हणून तारे पाच, असाही एक खुलासा करतात.

गप्प राहिला तो कशाविषयी? इथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. मी कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवतो. पुष्कळ वर्षांपूर्वी बोहेमियाविषयी बोलताना मी वर्गात ही कथा रंगवून सांगितली होती. राजाला राणीचा संशय आला. राणीने पाद्र्याजवळ पापनिवेदन केले होते. राजाने त्या पाद्र्याला बोलावून विचारले, राणी काय बोलली ते सांग. पापनिवेदनाच्या वेळी कानावर आलेले गुपित फोडायचे नाही हा त्याचा धर्म. तो बोलला नाही. राजाने त्याला पुलावरून नदीत फेकून दिले. साल १३८३. तास उत्तम रंगला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, हे कशावरून?” मी एका जुन्या पुस्तकाचे नाव सांगून वेळ मारून नेली. ते पुस्तक चुकलेले होते, आणि त्याच्या भरवशावर मीही चुकलो होतो.

खरी हकीकत वेगळी आहे, आणि ती अस्सल कागदांत आहे. साल १३९३. राजा चौथा वात्स्लाव आणि प्रागचे आर्चबिशप यान येन्श्टेन यांचे हाडवैर होते. पश्चिम बोहेमियात क्लाद्रुबी नावाचा श्रीमंत मठ होता. तिथला मठाधिपती मेला, की त्या मठाच्या उत्पन्नावर एक नवे बिशपपद निर्माण करायचे आणि आर्चबिशपचे पंख कापायचे, असा राजाचा बेत. पण जुना मठाधिपती मरताच मठातल्या साधूंनी नवा निवडला, आणि आर्चबिशपच्या मुख्य कारभाऱ्याने त्या निवडीवर तत्काळ मंजुरीची मोहोर उठवली. हा कारभारी म्हणजेच आपला यान. प्रागमध्ये आणि इटलीतल्या पादुआ इथे कायदा शिकलेला. राजा संतापला. त्याने आर्चबिशपच्या माणसांना पकडून त्यांचे हाल केले. इतरांना पुढे सोडून दिले. यानचे मात्र इतके हाल झाले होते की त्याला सोडण्यात अर्थ उरला नव्हता. २० मार्चच्या रात्री त्याला बांधून पुलावर आणले आणि व्ह्लतावा नदीत टाकले. आर्चबिशप पळून रोमला गेले आणि त्यांनी पोपकडे लेखी गाऱ्हाणे केले. त्या गाऱ्हाण्यात यानचे हाल आहेत, त्याचा मृत्यू आहे, राजाचा राग आहे. राणीचे नाव कुठेही नाही.

म्हणजे हा माणूस मेला तो एका कागदावरच्या मोहोरेपायी. ऐकायला किती रुक्ष वाटते! लोकांनाही ते तसेच वाटले असावे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर थोमास एबेनडॉर्फर नावाच्या व्हिएन्नाच्या इतिहासकाराने लिहिले की, हा यान राणीचा पापनिवेदन ऐकणारा पाद्री होता. पुढे १५४१ साली वात्स्लाव हायेकची प्रसिद्ध बखर छापून निघाली. हायेकपुढे दोन हकीकती होत्या: एक मठाधिपतीची, दुसरी राणीची. दोन्हींचा मेळ बसेना, तेव्हा त्याने एका माणसाचे दोन केले. एक यान राणीच्या गुपितासाठी १३८३ साली बुडाला, आणि दुसरा मठाच्या भांडणात १३९३ साली. साल बदलले की राणीही बदलते, कारण १३८३ साली राजाची पहिली राणी हयात होती आणि १३९३ साली दुसरी गादीवर होती. हायेकची बखर पुढे दोनअडीचशे वर्षे घरोघर वाचली गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योसेफ दोब्रोव्स्कीसारख्या पंडितांनी कागद तपासून बुडालेला यान एकच होता असे दाखवून दिले, तोवर दगडाचे आणि काशाचे पुतळे उभे राहून गेले होते. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद राजवाड्यांनी आपल्याला शिकवला. तो भेद तिकडे पुलावर उभा आहे.

प्रागच्या पुलावर गेलात तर हे तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. हा पूल बांधायला राजा चौथ्या कार्लच्या आज्ञेने १३५७ साली सुरुवात झाली. लांबी सुमारे ५१६ मीटर, कमानी १६. त्याला कार्लचा पूल हे नाव मिळाले १८७० साली; त्याआधी तो नुसता दगडी पूल होता. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे आणि पुतळ्यांचे समूह आहेत. त्यांतला संताचा सर्वांत जुना पुतळा नेपोमुकचा. व्हिएन्नाच्या राउखम्युलरने मातीचा लहान नमुना केला, त्यावरून यान ब्रोकोफने लाकडी मूर्ती कोरली, आणि तीवरून न्यूरेंबर्गच्या ओतकाराने काशाचा पुतळा ओतला. तो बसवला १६८३ साली. चौथऱ्यावरचा लॅटिन लेख वाचा. त्यात लिहिले आहे की, १३८३ साली या पुलावरून फेकल्या गेलेल्या संत यानसाठी व्हुन्श्विट्स घराण्यातल्या माथियास नावाच्या सरदाराने १६८३ साली हा पुतळा उभारला. म्हणजे तीनशे वर्षे पुरी झाल्याचा तो समारंभ होता, आणि ती तीनशे वर्षे हायेकच्या चुकीवरून मोजलेली होती! माझी वर्गातली चूक मला तिथे काशात ओतलेली भेटली. आज प्रवासी त्या चौथऱ्यावरच्या उठावाच्या चित्रांना हात लावतात. हात लागून लागून काशाचा तो भाग सोन्यासारखा झळकतो.

त्याच पुलावर आपल्या ओळखीचा आणखी एक संत आहे. गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये ज्याचे शव आहे तो फ्रान्सिस झेवियर. पूर्वेकडच्या लोकांनी त्याला खांद्यावर तोलून धरले आहे, असा तो समूह फेर्दिनांद ब्रोकोफने १७११ साली केला. हा फेर्दिनांद म्हणजे नेपोमुकची लाकडी मूर्ती कोरणाऱ्या यान ब्रोकोफचा मुलगा. १८९० च्या सप्टेंबरात व्ह्लतावेला महापूर आला, पुलाच्या तीन कमानी कोसळल्या आणि झेवियरचा समूह पाण्यात गेला. शेजारच्याच जेझुइट पंथाच्या संस्थापकाचा, इग्नेशियस लोयोलाचाही तोच गत झाली. झेवियरची प्रतिकृती १९१३ साली पुन्हा बसवली. लोयोला मात्र परत आला नाही. त्याच्या जागेवर १९३८ साली स्लाव लोकांचे धर्मगुरू सिरिल आणि मेथोडियस आले. कोण परत येतो आणि कोण येत नाही, हे काही पुराचे पाणी ठरवत नाही. माणसे ठरवतात.

नेपोमुकच्या बाबतीत माणसांनी काय ठरवले ते आता पाहू. बोहेमियात आणखी एक यान होता: यान हुस. धर्मसुधारणेचा मोठा पुरस्कर्ता. त्याला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळले. त्याच्या मागे अर्धा देश पेटून उठला आणि पुढे दोनशे वर्षे बोहेमियात रोमच्या पोपला न मानणाऱ्यांचे मोठे बळ होते. १६२० साली प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर लढाई झाली, तीत त्यांचा पाडाव झाला. हाब्सबर्ग बादशहांनी देश पुन्हा कॅथलिक करायला घेतला. पुढाकार जेझुइटांचा. १७१९ साली नेपोमुकचे थडगे उघडले, तेव्हा कवटीत मऊ मांसाचा एक तुकडा सापडला. जी जीभ बोलली नाही ती कुजली नाही, असा डंका पिटला गेला. १७२१ साली त्याला संतपदाच्या आधीची पायरी मिळाली आणि १९ मार्च १७२९ रोजी पूर्ण संतपद. ज्दार गावाजवळच्या हिरव्या टेकडीवर सांतिनी या वास्तुशिल्पीने त्याचे पाच कोनांच्या ताऱ्याच्या आकाराचे अद्भुत चर्च बांधले. त्याला १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. त्या मांसाच्या तुकड्याची तपासणी १९७३ साली झाली, तेव्हा तो जिभेचा नसून मेंदूचा असल्याचे मानववंशशास्त्रज्ञ एमानुएल व्ह्लचेक यांना दिसून आले.

मग टीकाकार म्हणू लागले की, एक यान लोकांच्या मनातून पुसायचा म्हणून दुसरा यान पुढे केला. ऑटो आबेल या जर्मन विद्वानाने १८५५ साली हे मत मांडले आणि ते चेक देशभक्तांच्या मनात घर करून बसले. त्यांच्या लेखी हुस हा राष्ट्राचा आणि नेपोमुक हा बादशहाचा. १९१८ साली हाब्सबर्गांचे राज्य बुडाले, तेव्हा त्याचा हिशेब झाला. ३ नोव्हेंबरला प्रागच्या जुन्या शहरातल्या चौकात जमावाने मेरीमातेचा १६५० सालचा स्तंभ दोर लावून पाडला. आता पुलावर चला, नेपोमुकलाही नदीत टाका, अशी हाक उठली. तो बेत तडीस गेला नाही आणि पुलावरचा पुतळा वाचला. गावोगावचे मात्र पुष्कळ पुतळे फुटले. एकदा राजाने नदीत टाकलेल्या माणसाला सव्वापाचशे वर्षांनी स्वतंत्र झालेली प्रजा पुन्हा नदीत टाकायला निघाली, हे मोठे विलक्षण आहे. मेरीमातेचा तो स्तंभ २०२० साली पुन्हा उभा राहिला, तेव्हाही प्रागमध्ये वाद झालाच.

टीकाकारांचे म्हणणे खोटे नाही, पण ते पुरतेही नाही. नेपोमुकच्या थडग्याला लोक पांढऱ्या टेकडीच्या लढाईआधीपासून मान देत होते. आणि बादशहाच्या हुकमाने राजधानीत पुतळा उभा राहील. नाल्यावरच्या सांडव्यावर कोण हुकूम करणार? पाण्यात मेलेला माणूस पाण्यापासून राखील, अशी लोकांची समजूत झाली. लाकडांचे तराफे नदीतून नेणारे, गिरणीवाले, पुलावरून गाडी हाकणारे, सगळे त्याला हात जोडू लागले. जिभेवर ताबा ठेवलेला म्हणून निंदेपासून, खोट्या आळापासून वाचवणाराही तोच. रोमच्या मिल्व्हियन पुलावर तो आहे, जर्मनीत व्युर्त्सबुर्गच्या जुन्या पुलावर आहे, पोलंडमधल्या क्लोद्स्कोच्या दगडी पुलावर आहे. पॅराग्वे आणि कोलंबिया या दक्षिण अमेरिकेतल्या देशांत त्याच्या नावाची गावे आहेत. संगीतकार हुमेल आणि व्हिएन्नाचा नाटककार नेस्ट्रॉय, दोघांचेही नाव योहान नेपोमुक. इतके सगळे केवळ एका पंथाच्या कारस्थानातून होत नाही.

तुम्हाला हा छंद लागलाच तर दोनचार गोष्टी सांगून ठेवतो. नव्या रस्त्याने जाऊ नका. रस्ता सरळ केला की जुना पूल बाजूला पडतो, आणि संत तिथेच झुडपांत राहतो. पुतळा दिसला की आधी चौथरा वाचा. लेखातली काही अक्षरे मुद्दाम मोठी कोरलेली असतील, तर ती वहीत उतरून घ्या. लॅटिनमध्ये अक्षरेच अंकांचे काम करतात: एम म्हणजे हजार, डी पाचशे, सी शंभर, एल पन्नास, एक्स दहा, व्ही पाच आणि आय एक. बेरीज करा, पुतळ्याचे साल हाती येईल. आपल्या जुन्या पोथ्यांत शब्दांनी शक सांगत, त्यातलाच हा प्रकार. ते साल १७२९ च्या आधीचे निघाले तर समजा की, रोमने संत म्हणण्याआधीच या गावाने त्याला संत म्हटले होते. आणि शेवटी, पाच तारे जागेवर आहेत का ते पाहा. ते पत्र्याच्या कड्यावर बसवलेले असतात आणि सर्वांत आधी तेच नाहीसे होतात.

दक्षिण बोहेमियातल्या एका खेड्यात मला असाच बिनताऱ्यांचा नेपोमुक भेटला. पूल नव्हता, ओढाही नव्हता. ओढ्याचे पाणी केव्हाच दुसरीकडे वळवले होते. शेताच्या कडेला कोरड्या जमिनीवर संत उभा, नाक झिजलेले, एक हात सिमेंटने डागडुजी केलेला. मी वहीत लिहीत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातून एक वृद्ध गृहस्थ आले. बरोबर शाळकरी नात होती, तिला इंग्रजी येत होते. मी विचारले, “तारे कुठे गेले?” आजोबा काही न बोलता घरात गेले आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेले कडे घेऊन आले. चोरीच्या भीतीने ते घरात ठेवतात. संताचा दिवस १६ मे. त्या दिवशी शिडी लावून चढवतात, संध्याकाळी उतरवतात. मी म्हटले, “तुम्ही फार धार्मिक दिसता.” नातीने भाषांतर केले. आजोबा हसले. नात म्हणाली, “आजोबा चर्चमध्ये जात नाहीत. हे कडं त्यांच्या वडिलांनी जपलं होतं, म्हणून तेही जपतात.”

मी इतिहासाचा मास्तर. राणीची गोष्ट खरी नाही, साल चुकले आहे, जीभ ही जीभ नव्हती, हे सगळे माझ्या वहीत टिपलेले होते. ते त्या आजोबांना सांगावे असे क्षणभर मनात आले. मग वाटले, यांनी मला राणीची गोष्ट सांगितलीच कुठे आहे? त्यांनी फक्त पाच तारे दाखवले. मी कड्याचे माप घेतले, आभार मानले आणि निघालो.

त्या मुलीच्या “हे कशावरून?” या प्रश्नाचे उत्तर मी हल्ली वर्गात देतो. ते असे. कोणत्याही पुतळ्याला तीन साले असतात. तो माणूस मेला ते साल, त्याची गोष्ट लिहिली गेली ते साल आणि पुतळा उभा राहिला ते साल. नेपोमुकच्या त्या पुतळ्यापुरती ती १३९३, १५४१ आणि १६८३ अशी आहेत. पहिले साल माणसाविषयी सांगते. दुसरे गोष्ट सांगणाऱ्याविषयी सांगते. तिसरे पुतळा उभारणाऱ्याविषयी सांगते. ही तीन साले एकमेकांत मिसळली की भांडणे होतात, दोर लागतात, स्तंभ पडतात. ती वेगळी ठेवली तर पुतळा पाडावाही लागत नाही आणि त्याची प्रत्येक गोष्ट खरी मानावीही लागत नाही. राजापुढे न नमता एका साध्या कागदावर मोहोर उठवणारा कारभारी राणीच्या गोष्टीतल्या संतापेक्षा मला तरी तसूभरही कमी वाटत नाही.

तेव्हा, वाचकहो, प्रवासाला निघाल तेव्हा खिशात एक वही असू द्या. परदेशीच जायला हवे असे नाही. पुतळा दिसला की हात जरूर जोडा. पण हात जोडून झाल्यावर चौथऱ्यावरचे साल वाचायला विसरू नका.